भिंतीपलीकडचा पेशंट

"अहो गवारे, साप चावल्याची लस द्या! पेशंटच्या पापण्या मिटायला लागल्यात," शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर भिंतीवरून ओरडल्या.

लसीचा खोका औषध गोदाम सांभाळणाऱ्या गवाऱ्यांच्या हातातच होता. पण नव्या कॉम्प्युटरने आखलेल्या मार्गात औषधांची गाडी नव्वद किलोमीटर फिरून शेजारच्या केंद्रावर शेवटी जायची.

"मार्ग सोडून खोका बाहेर गेला तर नोकरी जाईल हो," गवारे रडकुंडीला आले. मग एकदम उजळले. "लस बाहेर जात नाही, पण पेशंट आत येऊ शकतो की!"

चौघांनी पेशंटला भिंतीवरून आत उतरवलं. सिस्टरांनी मागोमाग येऊन तिथेच लस दिली आणि तो वाचला. उपचार गोदामात झाले, अशी नोंद गवाऱ्यांनी इमानदारीत केली.

ती वाचून, 'पेशंट गोदामातच बरे होतात' असं धरून, कॉम्प्युटरने दुसऱ्या दिवशी शेजारचं केंद्रच गाडीच्या यादीतून उडवलं. गवाऱ्यांनी भिंतीला दोन्ही बाजूंनी शिड्या लावल्या.