इंजिनघरातली रेती

तातेरावांनी नामाजीच्या कानाखाली अशी लगावली, की त्याचं मुंडासं उडून इंजिनाच्या चाकापाशी जाऊन पडलं.

"तेलात रेती कशी आली? बोल!"

नामाजीनं मुंडासं उचललं, झटकलं आणि उभा राहिला. दारात जमादार हसत होता. त्याच्या मागं नामाजीची बायको बनाबाई विहिरीवरून भरलेली घागर घेऊन आली होती. ती घागर तिनं तिथंच आदळली.

हिंगोलीबाहेरच्या त्या निवासी विद्यालयाचं इंजिनघर, विहिरीवरचा पंप, नळ, विजेच्या तारा, सगळं तातेरावांच्या हुकमात होतं. नामाजी त्यांच्या हाताखालचा माणूस. बनाबाई बोर्डिंगच्या सैपाकघरात भाकरी थापायची. इंजिन बंद पडलं की पंप बंद, आणि मग सगळ्या पोरांचं पाणी तिला हातानं शेंदावं लागे. अठ्ठेचाळीसच्या त्या उन्हाळ्यात इंजिन सारखं बंद पडत होतं. तिच्या तळहाताची सालटी निघाली होती.

विद्यालयाच्या वरच्या मजल्यावर निजामाच्या बाजूचं एक हत्यारबंद पथक येऊन बसलं होतं; जमादार त्याचाच मुख्य. त्यांचं वायरलेस याच इंजिनावर चाले. चळवळीची माणसं कोणत्या गावात लपलीत, ते त्यावर कळलं की लॉरी निघायची. मग त्या गावातली घरं जळायची.

"इसको मेरे हवाले करो," जमादार म्हणाला.

"नाही जमादारसाहेब. इंजिनघर माझं, माणूस माझा. शिक्षा मीच देणार." ते नामाजीकडे वळले. "दिवस मावळायच्या आत इथून तोंड काळं कर. पुन्हा हिंगोलीत दिसलास तर हाडं मोडीन!"

"काहून मोडाल?" बनाबाई पुढं आली. "जल्मभर तुमच्या इंजिनाचं काळं तेल अंगावर घेऊन राहिला माझा माणूस! त्यानं रेती टाकली? तुमी पाहिलं का?"

"हिला बाहेर काढा," तातेराव तिच्याकडं न बघता म्हणाले.

दोन शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. बोर्डिंगची पोरं, मास्तर, सगळे बघत होते.

खोलीवर नामाजी गाठोडं बांधत होता. अगदी निवांत. ते पाहून बनाबाईचं डोकं आणखीच फिरलं.

"तुमाला राग कसा येत न्हाई वो? भर लोकात मारलं त्यानं!"

"मारलं तर मारलं. तू बी चल. आत्ताच."

"चोरावानी काहून पळू? रेती तुमी टाकली का?"

"देवाशप्पथ न्हाई."

"मग?"

नामाजी गाठ आवळत राहिला. "भावाच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन राहतो, कळमनुरीच्या वाटंला. पोरांच्या रातच्या भाकरीसाठी थांबायचं तर थांब, पण सकाळी सरळ निघून ये. आन् हितं कोणाशी बोलू नको. ध्यानात ठेव."

तो गेला. खालमानेनं, पोरांच्या समोरून.

बनाबाई चुलीपुढं बसली. पीठ मळताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. पोरं खिडकीत येऊन कुजबुजत होती, "रेतीवाल्याची बायको." तिनं परातीतलं पीठ तसंच टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि जिना चढून वर गेली.

जमादार खाटेवर बसला होता.

"साब, रेती माझ्या मालकानं न्हाई टाकली. तातेरावानं टाकली. दर खेपेला तोच टाकतो. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं."

तिनं काहीच पाहिलं नव्हतं. तातेरावांच्याही कानाखाली कोणीतरी लगावावी, सगळ्यांसमोर, एवढंच तिला पाहिजे होतं.

जमादार आधी हसला. मग हसायचा थांबला.

"इंजिनघर की चाबी किसके पास रहती है?"

"त्याच्याजवळच. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई."

दिवस मावळतीला आला तेव्हा तातेरावांना हात मागं बांधून अंगणात आणलं. कोट फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. पोरं पुन्हा जमली. बनाबाई मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिली. त्यानं आपल्याला बघावं म्हणून.

त्यांनी बघितलं.

"नामाजी गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला! तुमच्या पायी गेला!"

"बरं झालं," तातेराव म्हणाले आणि लॉरीत चढले.

अजूनही मस्ती गेली नाही, असं वाटून ती जमिनीवर थुंकली.

सकाळी ती कळमनुरीच्या वाटेला लागली. वाटेत तीच लॉरी समोरून आली. मागं शिपाई पेंगत बसले होते. तातेराव नव्हते. धुरळा खाली बसेस्तोवर बनाबाई कडेला थांबली, मग पदर सारखा करून झपाझप चालू लागली. किती दिवसांनी तिला असं मोकळं वाटत होतं.

आखाड्यावर नामाजी मेंढरांना पाला टाकत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला.

"आलीस? कोणी अडवलं तर न्हाई ना?"

"मला कोण अडवतंय? त्यालाच नेलं लॉरीत घालून, हात बांधून! मी सांगितलं जमादाराला, रेती तातेरावच टाकतो म्हणून."

नामाजीच्या हातातला पाला खाली पडला.

"आमा दोघांबिगर ते कोणालाच ठाव नव्हतं, बने," तो म्हणाला. "तुला कोणी सांगितलं?"