नवरीची साडी

काजलचं लग्न ठरलं, तशी ती आई मालूला घेऊन पाड्यावरून शहापूरच्या बाजारात आली. दुकानात तिनं सगळ्यात झगझगीत पिवळी साडी उचलली आणि आईच्याच खांद्यावर टाकली. मालू लाजली, पण आरशासमोर जाऊन उभी राहिली.

गादीवरच्या शेठला आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं. बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "मावशी, नवरीची साडी आहे ती. तुमच्या वयाला शोभेल अशी फिकी एखादी काढतो की. का पुन्हा बोहल्यावर चढायचा विचार आहे?"

दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालूचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं साडी काढायला लागली, तसा काजलनं तिचा हात धरला.

"राहू दे गो आये," ती म्हणाली आणि शेठकडे वळली.



"पुन्हा नाय, शेठ, पयल्यांदाच. तवा पैसं नव्हतं, म्हून आयबापाचं लगीन न लावताच संसार झाला, लावायचं राहूनच गेलेलं. सकाळी त्यांचं लागंल, मंग दुपारी माझं."