भाडेवाढ रद्द

घरातल्या हृदयांचे ठोके मोजून भिंतच भाडं ठरवायची. "तिसरं हृदय सापडलं. एक तारखेपासून भाडेवाढ," अशी सूचना भिंतीवर उमटली, तेव्हा मृण्मयी आनंदानं रडली होती. पण मागच्या खेपेला "भाडेवाढ रद्द" हेही भिंतीनंच आधी सांगितलं होतं. पोटात दुखायला लागलं ते नंतर. म्हणून रोज डोळे उघडले की ती आधी भिंत बघायची.

आज तिथं तेच दोन शब्द होते. पोटावर हात ठेवून तिनं ते पुन्हा वाचले.

तेवढ्यात घरमालकांचा, पेडणेकरकाकांचा फोन आला. "अगं, वाढ मीच काढून टाकली. बाळाचं कसलं भाडं घ्यायचं?"

"काका, पाया पडते तुमच्या," ती कशीबशी म्हणाली, "वाढ परत लावा. मला भिंतीवर दिसू दे."