दसऱ्यानंतरचा बांगडा

"बाई शुद्ध शाकाहारी आहेत. माशाचं नाव काढू नकोस," असं बहिणीने बजावलं होतं. म्हणून विधुर चेऊलकरांनी रत्नागिरीच्या समुद्राकाठच्या खानावळीत, ऐन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बटाट्याची भाजी मागवली. लग्नाचं बोलायला आलेल्या हेमलताबाईंनीही तीच मागवली.

शेजारच्या टेबलावर हंगामाचे बांगडे तळून आले. दोघांनी मोठ्या निष्ठेने समुद्राकडे पाहिलं. बाई छान आहेत, पण उरलेलं आयुष्य बटाट्यावर काढायचं? चेऊलकरांना घास उतरेना.

तेवढ्यात वेटर बाईंजवळ वाकला. "ताई, तुमचा बांगडा हे साहेब गेल्यावरच तळायचा ना?"

बाईंचे कान लाल झाले. "तुम्हाला वासही चालत नाही, असं कळलं होतं."

"आत्ताच तळा," चेऊलकर वेटरला गंभीरपणे म्हणाले. "आणि माझं सुरमईचं पार्सल ताटातच वाढा."

बाईंनी बटाट्याच्या दोन्ही वाट्या बाजूला सारल्या. "पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, "कोळंबी."