रिकाम्या खुर्चीचा चेहरा

माझं काम चोराचंच आहे, फक्त लेखी परवानगी घेऊन करायचं. कंपन्या बोलावतात आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरची कुलपं फोडून दाखवते.

"फाइली आमच्या ऑफिसातल्या ताईंनीच बाहेर दिल्या," साहेब म्हणाले. "त्यांचा कॉम्प्युटर त्यांचा चेहरा बघूनच उघडतो. आणि तुम्ही म्हणताय, तो रिकाम्या खुर्चीला उघडला?"

"माझ्या डोळ्यांदेखत उघडला."

"मग तुमचंच काहीतरी चुकलं असेल."

माझं डोकंच फिरलं. केस पांढरे होईपर्यंत इथे राबलेल्या बाईला यांनी चोर ठरवून घरी बसवलं होतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मात्र कधी अपडेट केली नव्हती.

मी साहेबांसमोर ताईंच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून काढलं. सिस्टिम नव्याने टाकली, सगळे अपडेट घेतले आणि फक्त माझा चेहरा नोंदवला. मग नेटची वायर उपटली, स्क्रीन लॉक केली आणि साहेबांना घेऊन बाजूला, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर उभी राहिले.

खुर्ची रिकामी होती. कुलूप उघडलं.

"बघितलंत? आता ताईंना फोन लावा आणि माफी मागा!"

साहेब अजूनही हटेनात. "कॅमेराच बिघडलाय. तुम्हालासुद्धा ओळखणार नाही तो."

"ओळखेल ना, न ओळखायला काय झालं?" मी तणतणत पुन्हा लॉक केलं आणि साहेबांना तिथेच भिंतीशी ठेवून खुर्चीत धपकन बसले.

कुलूप उघडलं नाही. स्क्रीनवर एक ओळ आली.

'कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने समोर बसावे.'