बिल्ला नंबर तीनशे सत्तेचाळीस

रामू घाडीगावकर गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात राबले. त्यांचे चिरंजीव बाबुराव त्याच खात्यात उभे राहिले. बाबुरावांचे अजित गिरणीला टाळं लागल्यावर हिंदमाताच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागले. आणि अजितची लेक अक्षता आज परळच्या संशोधन संस्थेत, स्पर्धेच्या मंचावर, माइकसमोर उभी होती.

तिची आजी मीराबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. संशोधक विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला प्रत्येकी दोन पाहुण्यांची मुभा होती. मीराबाईंच्या मते हे घरचं कार्य होतं, म्हणून त्यांनी डिलाईल रोडच्या चाळींतून अकरा निवृत्त गिरणी कामगार आणले होते. दारावरच्या मुलीने यादी पुढे केली, तेव्हा "यादी तुझ्याजवळच असू दे, बाळ," असं म्हणून त्या सगळ्यांना घेऊन आत शिरल्या होत्या.

"वयनी, ह्या इंग्रजी माका काय एक समजणा नाय," शेजारचे शामराव कुजबुजले.

"समजायला नाही आणलं तुम्हाला. ताठ बसा."

विषय मात्र त्यांचाच होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर मंडळी गिरणीत आली, दम मोजायला कामगारांना नळीत फुंकायला लावलं, वहीत आकडे टिपले, "निकाल कळवू" म्हणाली आणि गेली. निकाल आलाच नाही. ती वही अक्षताला एका जुन्या कपाटात सापडली. चाळी पालथ्या घालून तिने हयात असलेली माणसं शोधली, त्यांना पुन्हा फुंकायला लावलं आणि कापसाच्या धुळीने छातीचं काय केलं, ते तेव्हाचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून मांडलं. प्रत्येकाचा निकाल तिने मराठीत लिहून पाकिटात घातला होता. पण परीक्षक वही खरी मानत नाहीत तोवर एकही पाकीट देणार नाही, असं तिने आजीलाही बजावलं होतं. मीराबाईंना ते पटलं होतं आणि बोचलंही होतं.

मुख्य परीक्षक डॉ. हितेंद्र गोखले यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. वहीची प्रत उंचावून त्यांनी इंग्रजीत प्रश्न केला. अक्षताने आजीकडे पाहिलं आणि उत्तर मराठीत दिलं.

"वहीत नावं नाहीत हे खरं आहे, सर. मग तेव्हाचा माणूस आणि आजचा माणूस एकच कशावरून, असंच ना? ते आकडे म्हणजे गिरणीतले बिल्ला नंबर. पुढे वय आणि गाव आहे. ज्या नंबरांपुढे मी खूण केली आहे, ती माणसं समोर बसली आहेत. तुम्हीच पुकारा."

सभागृहात चुळबुळ झाली. डॉक्टरांनी चष्मा सारखा केला.

"तीनशे सत्तेचाळीस?"

"हजर!" शामराव उठून उभेही राहिले होते, आपण उठलो हे त्यांना नंतर कळलं.

"गाव?"

"आचरा, सायब. तालुको मालवण."

डॉक्टरांनी ओळ पाहिली. मान हलवली. "सहाशे बारा?"

"हजर! कणकवली."

"दोनशे ऐंशी?"

या नंबरच्या माणसाला पुढच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, शब्दाआधी खोकला आला. पण "हजर" असं काही म्हणाला की छत दणाणलं. एकामागून एक अकराही जण उभे राहिले. एकही नंबर चुकला नाही, एकही गाव चुकलं नाही.

"चारशे तीन?" डॉक्टरांनी आता खूण नसलेला नंबर पुकारला.

कुणी उठेना. अक्षताने ओठ उघडले, तेवढ्यात मीराबाईंनी पदर सावरला आणि त्या उभ्या राहिल्या.

"बाबुराव घाडीगावकर. गाव कुणकेश्वर. यजमान माझे. तेव्हा वय चौतीस. ताडून पाहा."

डॉक्टरांनी ताडून पाहिलं. मग ते स्वतः उभे राहिले आणि पहिली टाळी त्यांची पडली.

पहिल्या क्रमांकाचं नाव घोषित झालं, तेव्हा सभागृहाला ते आधीच ठाऊक होतं. अक्षताने ढाल काखेत मारली आणि छायाचित्रासाठी न थांबता ती पाकिटं घेऊन खाली आली. एकेका म्हाताऱ्यापुढे वाकून तिने पाकीट हातात ठेवलं. शामरावांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"म्हंजे माजो दम तेवाच कमी होतो," ते म्हणाले. "आणि खात्याचो मुकादम, तो जॉबर, माका ढोंगी म्हणी!"

शेवटचं पाकीट आजीसाठी होतं. "आजोबांचा निकाल. फार उशीर झाला गं आजी."

मीराबाईंनी कागद वाचला, दोनदा वाचला, घडी घातली. मग त्या सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी वहीची प्रत मागितली.

"पोच द्यायला हवी," त्या म्हणाल्या.

"तशी पद्धत नाही आजी, इथे," अक्षता हळूच म्हणाली.

"आमच्यात आहे."

डॉक्टरांनी आपलं पेन उघडून पुढे केलं. चारशे तीनच्या ओळीपुढे मीराबाईंनी सावकाश, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : 'निकाल मिळाला.' खाली सही केली, तारीख घातली आणि मागे वळून न पाहता पेन वर धरलं.

"चला. वही पुरी करा."

मंचावर छायाचित्रकार खोळंबले होते. खाली टेबलासमोर अकरा म्हातारे नंबरवारीने रांगेत उभे राहिले.