कोपऱ्यावरचा आवाज

"काका, एकदा अजून विचार करा. एवढं झ्याक बसलंय, ते काढायचं म्हंजे..." बिभीषण हातात पाना धरून तसाच थांबला.

"काढ," सर्जेराव म्हणाले.

त्यांनी सोबत एक पोतं आणलं होतं. त्यात गाडीचा मूळ सायलेन्सर आणि एअर फिल्टरचा डबा होता. त्यांच्या पोरानं, शिवराजनं, नवी क्रूझर मोटारसायकल घेतली आणि थोड्याच दिवसांत हे सगळं काढून माळ्यावर टाकलं. गारखेड्यातल्या याच गॅरेजमध्ये, बिभीषणच्या शेजारी उकिडवं बसून, त्यानं स्वतःच्या हातानं जाड चकचकीत पाइप बसवला. डब्याच्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर चढवला. "आता गाडीला मोकळा श्वास घेता येतो, आई," असं घरी येऊन कौतुकानं सांगितलं. तेव्हापासून गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवर वाट्या थरथरायच्या.

सर्जेराव चिडायचे. "गल्लीत म्हातारी माणसं हायत. पोलिसांनी धरलं तर मी सोडवायला येणार नाय, सांगून ठेवतो." शिवराजची आई लक्ष्मीबाई मात्र तो आवाज कानावर पडला की तवा तापत ठेवायच्या. पोरगा हातपाय धुऊन आत येईस्तोवर पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

मागच्या हिवाळ्यात शिवराज मैदानावर क्रिकेट खेळता खेळता छातीवर हात ठेवून खाली बसला. मित्रांना वाटलं दमला असेल. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडी अंगणात कापडाखाली उभी राहिली. ऊन तापायला लागलं तेव्हा लक्ष्मीबाईच म्हणाल्या, "उभ्या उभ्या सडून जाईल ती. तुम्हीच नेत जा कंपनीत." सर्जेरावांना नवल वाटलं, पण बायकोचा शब्द त्यांनी मोडला नाही. इतकी वर्षं वाळूजला कंपनीच्या बसनं गेलेला माणूस पोराच्या गाडीवर, पोराचं हेल्मेट घालून जाऊ लागला.

आणि रोज संध्याकाळी तेच होऊ लागलं. गाडी कोपऱ्यावर वळायची. लक्ष्मीबाई हातातलं काम टाकून लगबगीनं बाहेर यायच्या, गेट सताड उघडायच्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहायच्या. तोंडावर कसलं तरी तेज असायचं. सर्जेराव गाडी आत घ्यायचे, हेल्मेट काढायचे, आणि ते तोंड त्यांच्या डोळ्यांदेखत उतरायचं. लक्ष्मीबाई आत निघून जायच्या. आपण घरी येतो ते रोज तिचं पोरगं नव्यानं हिरावून घ्यायला, असं सर्जेरावांना वाटायचं.

काल तर पिठाचे हात घेऊनच त्या बाहेर आल्या. गाडी अजून बंदही झाली नव्हती. "आलास?" त्या म्हणाल्या. सर्जेरावांना हेल्मेट काढवेना. त्या आत जाईपर्यंत ते तसेच गाडीवर बसून राहिले, आणि हेल्मेटच्या आत त्यांचं तोंड ओलं झालं.

म्हणून आज कामाला न जाता ते दुपारीच पोतं घेऊन इथं आले होते.

बिभीषणनं नट सैल केले. पाइप उतरला, फिल्टर उतरला, जुने भाग पुन्हा आपल्या जागी बसले. त्यानं गाडी चालू केली. ती शिलाईच्या मशीनसारखी हळू पुटपुटत राहिली. शिवराजचा पाइप त्यानं फडक्यानं पुसला आणि सर्जेरावांपुढं धरला. "हा घरी न्या, काका. शिवाभाऊची आठवण."

"नको. काप."

"काय?"

"ग्राइंडर लाव अन् मधोमध काप. घरात राहिला तर एक दिवस मीच परत बसवायला घेऊन येईन."

बिभीषण त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान फिरवली आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. सर्जेराव शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

संध्याकाळी गाडी गल्लीत वळली ती कुणाला कळलीसुद्धा नाही. गेट बंद होतं. सर्जेरावांनी उतरून ते स्वतः उघडलं. हेल्मेट काढलं. समोर कुणाचं तोंड उतरलं नाही. कितीतरी दिवसांनी त्यांना जरा हलकं वाटलं.

लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात खिडकीपाशी गल्लीकडं कान लावून उभ्या होत्या. पावलं ऐकून त्या दचकून वळल्या.

"गाडी कुठंय?"

"बाहेर हाय. जुना सायलेन्सर बसवून आणला."

त्या बाहेर गेल्या. गाडीजवळ वाकल्या, सायलेन्सर निरखून पाहिला.

"तो कुठं ठेवला?"

"कापून टाकला."

लक्ष्मीबाई पायरीवर मटकन बसल्या. सर्जेराव त्यांच्याजवळ टेकले. "तुझ्यासाठीच केलं, लक्ष्मी. रोज तुला वाटायचं तोच आला, अन् असायचो मी. मला बघवत नव्हतं."

लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"मला का कळत नव्हतं व्हय, तुम्हीच येताय म्हणून?" त्या म्हणाल्या. "पण कोपऱ्यापासून दारापर्यंत तरी तो यायचा."